मिशीला कळणारी हवा

माझ्या ओठावर ही जी मिशी आहे ती हौसेची नाही. आमच्या घरात मिशीची हौस कोणालाच नव्हती. वडील न्हाव्यापुढे बसले की सगळा चेहरा सफाचट करूनच उठायचे. म्हणायचे, "उन्हाचा ताप काय कमी हाये, वरून केस काहून?" माझी मिशी सरकारी आहे. नागपुरात, सक्करदऱ्याच्या बाजूच्या एका वर्कशॉपात, वरिष्ठांच्या तोंडी हुकमानं ती मला वाढवावी लागली. ज्या माणसानं हुकूम दिला त्याच्याबद्दल आज सांगतो. सांगताना माझा आवाज चढला तर चढू द्या. त्या माणसाबद्दल हळू आवाजात बोलताच येत नाही.

आमचं खातं जमिनीखालचं पाणी शोधायचं. बोअरची यंत्रं, पाइप आणि माणसं घेऊन गाड्या विदर्भभर हिंडायच्या आणि मोडक्यातोडक्या होऊन परत यायच्या. त्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपचे मुख्य म्हणजे आमचे साहेब. इंजिनीअर माणूस, नागपूरच्या महाल भागातलं जुनं घराणं, आवाज कवायतीच्या मैदानावरचा. आणि मिशी! झुपकेदार, दोन्ही गालांवर सांडलेली, कडेला जरा भाजलेली. लोकांच्या मिश्या शोभेसाठी असतात. साहेबांची मिशी मोजमापासाठी होती.

हे समजायला आधी ट्रक समजला पाहिजे. लष्करानं काढून टाकलेला एक फोर-बाय-फोर ट्रक आमच्या खात्यानं लिलावात घेतला होता. चारही चाकांना इंजिनाचा जोर. काळ्या मातीत जिथं बैलगाडी रुतायची तिथून हा हसत बाहेर यायचा. ड्रायव्हर लोक त्याला पैलवान म्हणत. पण पैलवानाची अर्धी कामं व्हॅक्यूमवर चालत. पेट्रोलचं इंजिन सुरू झालं की ते हवा ओढतं. त्या ओढीवर रबरी नळ्या जोडलेल्या: एक वायपरला, एक पुढच्या चाकांना जोर जोडणाऱ्या डबीला, आणि एक जाडजूड नळी ब्रेकच्या गोल डब्याला. नळीला टाचणीएवढं भोक पडलं तरी बाहेरची हवा आत शिरायची आणि पैलवानाचा सगळा जोर सैल पडायचा. वायपर तर मुळातच लहरी. चढावर रेस दिली की हात जोडून थांबत, आणि उतारावर लेझीम खेळत.

भोक शोधायचं कसं? वर्कशॉपात व्हॅक्यूमचं मीटर होतं. साहेब त्याला मोजत नसत. "मीटर चोरी झाली एवढंच सांगते. चोर कुठून शिरला ते सांगते का? हवा चोर आहे गा! फट दिसली की शिरणार." मग ते इंजिन सुरू करायला लावत, डोळे मिटत, श्वास रोखत, आणि नळीच्या सांध्यासांध्यावरून आपली मिशी फिरवत जात. जिथं भोक असेल तिथं मिशीचे केस आत ओढले जायचे.

"हलली!" साहेब ओरडत. "पकडला लेकाचा!"

आणि तिथंच भोक असे. दर वेळी. तापलेल्या इंजिनाशी एवढी सलगी केल्यामुळेच मिशीच्या कडा भाजलेल्या होत्या.

मी हजर झालो त्या दिवसाची गोष्ट. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. काटोलकडच्या आमच्या गावात कोणाची तार आली की वाचायला मला बोलवत. बी.एस्सी.ची पदवी, विषय फिजिक्स, मी गुंडाळी करून हातात धरली होती. साहेबांनी ती उलगडली, खाली ठेवली आणि विचारलं, "व्हॅक्यूम म्हणजे काय?"

मी व्याख्या सांगितली. ज्या जागेत कोणताही पदार्थ नाही अशी जागा. उत्तर बरोबर होतं, आजही बरोबर आहे.

"अबे बी.एस्सी., जिथं काहीच नाही ते ट्रक कसा थांबवेल? व्हॅक्यूम म्हणजे ओढ! लाव गाल."

त्यांनी चालू इंजिनाची सुटी नळी माझ्या गालाला लावली. फटकन चिकटली! मी मान मागं घेतो तर गाल नळीबरोबर चालला. सगळं वर्कशॉप हसून राहिलं होतं आणि मीही हसत होतो, कारण पुस्तकात तीन वर्षं वाचलेली गोष्ट पहिल्यांदा माझ्या अंगाला लागली होती. रुपयाएवढा लाल गोल गालावर घेऊन मी खोलीवर गेलो. त्या दिवसापासून माझं नाव बी.एस्सी. खरं नाव साहेबांनी कधी घेतलं नाही, आणि खरं सांगतो, या नावानं हाक आली की माझी छाती फुगायची.

गावी गेल्यावर वडिलांनी विचारलं, "काय काम करतं गा तू तिथी?"

"गाडीची हवा कुठून जाते ते पाहतो."

"हवा पाहाले सरकार पगार देते?" त्यांनी आईकडे पाहिलं. "ऐकलं का वं? तुह्या पोराले हवेचा पगार हाये."

साहेबांना सगळ्या जगात गळतीच दिसे. फाईल अडली, गळती. सरकार पडलं, गळती. घरी प्रेशर कुकरची शिट्टी उशिरा झाली की मिशी घेऊन स्वयंपाकघरात. साहेबांच्या घरच्या बाई म्हणायच्या, "व्हा बाहेर! वरणात केस पडतील." एकदा गणपतीत वर्कशॉपच्या लोकांचं भजन रंगलं होतं. पेटीवाला घामाघूम होऊन भाता मारून राहिला होता. साहेब मधेच उठले, गुडघ्यांवर बसले, आणि भात्याला मिशी लावली. भजन थांबलं. टाळ थांबले. "हलली!" साहेब गणपतीसमोर ओरडले. मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणून भात्याचं भोक बंद केल्यावरच पुढचा अभंग झाला. पेटीवाला नंतर म्हणाला, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा खांदा दुखला नाही.

आता शेषरावांबद्दल. पैलवानाचे ड्रायव्हर. कुहीकडचे. गावी भावाबरोबरची कोरडवाहू जमीन, आणि हे इकडे स्टिअरिंगवर. देहानं काटक, बोलणं कमी, शनिवारचा उपास, आणि दारूचं दुकान दिसलं की रस्ता बदलणार. मारुतीचे कट्टर भक्त. ब्रेकचा तो गोल डबा ड्रायव्हरच्या पायरीखाली होता, आणि त्याच्या वर भोकं पाडलेली लहानशी टोपी. शेषरावांना त्या आकारात पहिल्याच दिवशी मारुती दिसला. दर शनिवारी ते वाटीत तेल आणि शेंदूर कालवून आणत आणि डब्याला, टोपीसकट, प्रेमानं फासत.

मी एकदा विचारलं, "शेषराव, इथंच काहून मारुती?"

"हा डबा कायच्यावर चालते जी?"

"हवेवर."

"मारुती कोणाचा पोरगा?"

"वाऱ्याचा."

"मग?" ते म्हणाले. "बी.एस्सी. झालं ना तुमी?"

हे साहेबांना सांगितलं तर ते खूश झाले. "थिअरी चुकीची नाही!" दसऱ्याला गाड्यांची पूजा व्हायची तेव्हा पैलवानाच्या मारुतीपुढे नारळ साहेबच फोडत. आदल्या दसऱ्याला खात्याचे डायरेक्टर साहेब पाहुणे म्हणून आले होते. त्यांनीही पायरीशी वाकून चिमूटभर हळद आणि कुंकू वाहिलं होतं. डब्यावर शेंदराचा चांगला जाड थर झाला. काम करताना आमचे हात त्याला वळसा घालून जात, आणि पाना चुकून लागला तर आम्ही तो कपाळाला लावत असू.

उन्हाळ्यात, एका बुधवारी, डायरेक्टर साहेबांच्या धरमपेठेतल्या बंगल्यावर पाण्याची टाकी पोचवायची होती. शेषराव पैलवान घेऊन गेले. बंगल्यापाशी वळतात तोच एक वासरू आडवं आलं. शेषरावांनी ब्रेकवर पाय मारला. पेडल खाली जाईना! त्यांनी स्टिअरिंग वळवलं, वासरू वाचलं, आणि पैलवान कंपाउंडची भिंत पाडून आत गेला. तुळशीवृंदावन आडवं झालं. इजा कोणाला नाही, पण डायरेक्टर साहेब व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते आणि भिंतीची धूळ त्यांच्या चहात पडली.

दुपारी ते तणतणत वर्कशॉपात आले. आमच्या लोकांनी पैलवान वर्कशॉपात आणून अंगणात चार वेळा चालवून पाहिला होता. चारही वेळा ब्रेक लोण्यासारखा लागला. मीटरचा काटा जागच्या जागी.

"म्हणजे गाडी बरोबर आहे," डायरेक्टर म्हणाले. "मग हा माणूस प्यायलेला होता."

शेषरावांचा चेहरा मी विसरणार नाही. ते डायरेक्टरांशी बोललेच नाहीत. आमच्या साहेबांकडे वळून म्हणाले, "पाय मारला जी. दगडावानी झालं पेडल. नोकरी जाते तर जाऊ द्या, वावरात राबीन. पण गावात दारुड्या म्हनून जाऊ का मी?"

साहेबांच्या मिशीची दोन्ही टोकं थरथरली. "व्हॅक्यूम पळाला असेल," ते गरजले. "गळती आहे! शनिवारी सकाळी तुम्ही इथं या. गळती काढून दाखवतो. नाही सापडली तर..." त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. पणाला लावण्यासारखं त्यांच्यापाशी एकच होतं. "तर ही उतरवतो!"

डायरेक्टर साहेबांनाही त्या मिशीची किंमत ठाऊक होती. "ठीक आहे," ते म्हणाले. "शनिवार. तोपर्यंत हा घरी बसेल. दोष निघाला तर कामावर, नाही तर कायमचा घरी."

आणि सुरू झाली शोधाशोध! आयुष्यात पुष्कळ कामं केली, पण त्या दोन दिवसांची धुंदी पुन्हा आली नाही. पैलवानाच्या पोटाखाली साहेब पाठीवर, बॉनेटमध्ये मी. नळी सुटी कर, साबणाचं पाणी लाव, बुडबुडा पाहा. मिशी फिरव. इंजिन ते ब्रेक, इंजिन ते वायपर, इंजिन ते चाकाची डबी. साहेबांचा खालून आवाज, "रेस दे! कमी कर! बंद!" मिशी नुसती लोंबत राहिली.

गुरुवारी त्यांनी घरून धुपाटणं आणलं. निखाऱ्यावर लोबान टाकला आणि तो धूर सायकलच्या पंपानं नळ्यांत भरला. जिथं गळती तिथून धूर निघणार, साधी गोष्ट. धूर कुठूनच निघाला नाही, पण वर्कशॉपात असा दरवळ सुटला की रस्त्यानं जाणारे एक आजोबा चपला बाहेर काढून आत आले आणि ट्रकपुढे हात जोडून बसले. साहेबांनी त्यांना चहा पाजला. "बसा. तुमचाही आशीर्वाद लागून राहिला आम्हाले."

शुक्रवारी नळ्याच बदलल्या, सगळ्या, नव्या. आता गळतीला जागाच नव्हती. साहेब पायरीवर बसले. आवाज पहिल्यांदा उतरलेला. "बी.एस्सी., हवा आत येत नाही कुठूनच. मग पेडल दगड काहून झालं? का शेषराव खरंच..."

"नाही साहेब," मी म्हणालो.

"नाहीच," ते म्हणाले, पण मिशीला हात लावून म्हणाले.

शनिवार उजाडला. मी लवकर गेलो तर साहेब माझ्याआधी आलेले, आणि फाटकाशी शेषराव, हातात तेल-शेंदराची वाटी. घरी बसवलेला माणूस, पण शनिवार चुकवणार नव्हता.

"मारुतीले उपाशी ठेवू का जी?"

"लावा," साहेब म्हणाले. "बी.एस्सी., तू वर बस. शेषरावांचा पाय कसा पडला होता तसा मार. आपण आजवर हळूच दाबत आलो."

हे मात्र खरं होतं. अंगणात गाडी रांगते, पाय हळू पडतो. वासरू आडवं आल्यासारखा पाय आम्ही मारलाच नव्हता. मी इंजिन सुरू केलं, जीव खाऊन पाय मारला, आणि बाप्पा! पेडल दगड! खाली जाईना!

"साहेब! झालं! दगड झालं!" मी केबिनमधून ओरडलो.

तेवढ्यात खालून शेषरावांची किंकाळी आली. "घेतला! मारुतीनं शेंदूर घेतला!"

मी उडी मारून खाली आलो. शेषराव गुडघ्यांवर, हात जोडलेले, डोळ्यांत पाणी. साहेब त्यांच्या शेजारी पोटावर आडवे. टोपीवर नुकताच फासलेला ओला शेंदूर, आणि त्यात बारीक बारीक खळगे पडलेले, जणू कोणी आतून चोखला.

"पुन्हा मार!" साहेब ओरडले. "बी.एस्सी., पुन्हा!"

मी वर चढून पाय मारला. दारातून वाकून पाहिलं. माझ्या डोळ्यांदेखत शेंदूर आत ओढला गेला.

"घेतला!" शेषराव.

"घेतला रे घेतला!" साहेब. दोघं एकच शब्द ओरडत होते. एक चमत्कारानं, एक फिजिक्सनं. आणि मी वर बसून दोन्हींनी.

झालं होतं असं. त्या डब्यात रबराचा एक पडदा असतो. इंजिन त्याच्या दोन्ही बाजूंची हवा ओढून घेतं, म्हणून पडदा मधे स्वस्थ. ब्रेकवर पाय पडला की त्या टोपीतून बाहेरची हवा एका बाजूला शिरते आणि पडद्याला ढकलते. तोच ब्रेकचा जोर. म्हणजे त्या एका ठिकाणी हवेनं आत यायलाच हवं! आम्ही हवा कुठून चोरून शिरते ते शोधत होतो. इथं तिच्या हक्काच्या दारावर शेंदूर, तेल, हळद आणि कुंकवाचं लिंपण झालेलं. पाय हळू पडला तर थोडी थोडी हवा झिरपून पुरायची. पाय घाईनं पडला की हवा पोचायच्या आत पेडल दगड.

आणि सगळा ट्रक आम्ही खोलून पाहिला, फक्त हीच जागा नाही. देवाला पाना कोण लावणार!

साहेबांनी हात धुतले, डोक्याला रुमाल बांधला, नमस्कार केला. "मारुतीराया, टोपी काढतो. राग धरू नको." आतली जाळी भाकरीसारखी थापलेली निघाली. तो थर अख्खा सोलून कागदावर ठेवला, जाळी पेट्रोलनं धुतली, फुंकून काढली, बसवली. मी पाय मारला. सुस्स! हवा आत धावली, पेडल लोण्यात सुरी जावी तसं गेलं, आणि साहेबांच्या मिशीचा अख्खा झुपका टोपीकडे वळला.

"हलली!" हा "हलली" सक्करदऱ्याच्या तलावापलीकडे ऐकू गेला असेल.

शेषराव मात्र बसूनच होते. "म्हनजे म्याच केलं जी हे," ते म्हणाले. "माह्याच हातानं."

डायरेक्टर साहेब आले. साहेबांनी कागदावरचा थर दाखवला, सगळं समजावून सांगितलं. डायरेक्टर हुशार होते, झटकन समजले, आणि नेमकं तेच बोलले. "म्हणजे ब्रेक बिघडवला ड्रायव्हरनंच."

शेषरावांची मान खाली गेली. मला वाटलं संपलं.

"नारळ कोणी फोडला?" साहेबांनी विचारलं.

"काय?"

"दसऱ्याला या टोपीवर नारळाचं पाणी कोणी घातलं? मी! वर्कशॉप कोणाचं? माझं! हा शेंदूर रोज डोळ्यांसमोर असून कोणाला दिसला नाही? मला! आणि हळद-कुंकू कोणी वाहिलं, साहेब?"

डायरेक्टरांनी कागदावरच्या थरातल्या पिवळ्या रेघेकडे पाहिलं.

"घरी बसवायचं तर तिघांना बसवा," आमचे साहेब म्हणाले. "माझा टिफिन अजून भरलेलाच आहे, घरी जाऊन खातो."

डायरेक्टरांनी ती रेघ नखानं खरवडून पाहिली. मग त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. "ब्रेक लागतो का आता? नक्की?"

"चला, दाखवतो. तुमच्याच बंगल्यावर."

धरमपेठेत भिंतीचं खिंडार नुकतंच बुजवलं होतं, सिमेंट ओलं. साहेब उतरले आणि त्या नव्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले, हाताची घडी घालून. "शेषराव! पळवत आणा. आणि पाय मारा वासरू आल्यासारखा."

"साहेब, नाई जी! बाजूले व्हा!"

"मी गवंड्याच्या कामाची खातरी देत नाही, शेषराव. तुमच्या पायाची देतो. आणा!"

शेषराव डोळे मिटून काहीतरी पुटपुटले, मग त्यांनी डोळे उघडले. पैलवान निघाला. मी ट्रकच्या मागं हौद्यात उभा राहून दांडा धरला होता. गल्ली धडधडली, बंगल्यांच्या खिडक्या उघडल्या, डायरेक्टर साहेब "अरे अरे" करत फाटकाबाहेर आले. सुस्स! चाकं जागच्या जागी. पैलवानाचं नाक साहेबांच्या नाकापासून वीतभर. मिशीवर धूळ बसली, माणूस हलला नाही.

शेषराव स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडले. डायरेक्टर साहेबांनी घरातून सगळ्यांना चहा मागवला आणि शेषरावांचा कप स्वतः नेऊन त्यांच्या हातात दिला. माफी वगैरे काही म्हणाले नाहीत, पण कप दिला.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. वर्कशॉपात परत येताच साहेब बाजूच्या कडुनिंबाखाली बसणाऱ्या न्हाव्यासमोर जाऊन बसले.

"साहेब, हे काय?" मी धावलो. "दोष सापडला ना!"

"मी गळती काढतो म्हणालो होतो, बी.एस्सी. गळती नव्हतीच."

शेषराव पाया पडले. न्हावी वस्तरा धरायला तयार नव्हता. साहेब म्हणाले, "शेषरावांच्या शब्दावर एकानं शंका घेतली तर केवढा गोंधळ झाला पाहिलं ना? मग माझ्या शब्दावर मीच घेऊ?" मिशी उतरली. खाली उन्हाचं दर्शन न झालेला पांढरा पट्टा निघाला. सोमवारी चौकीदारानं त्यांना फाटकावर अडवलं.

वर्कशॉपात शिरल्या शिरल्या त्यांनी हाक मारली. "बी.एस्सी.! सरकारी काम थांबता कामा नये. वाढव."

मी वाढवली. साहेबांची पुन्हा आली तेव्हा मी विचारलं, काढू का? म्हणाले, "राहू दे. स्टेपनी असावी." शेषरावांनी मारुती केबिनमध्ये हलवला, एका पत्र्याच्या झाकणावर. पण दर शनिवारी, केबिनमधली पूजा झाली की, खाली येऊन टोपीपुढे तळहात धरत, मला पेडल मारायला लावत, आणि वारा लागला की म्हणत, "घेऊन राहिला जी श्वास."

पुष्कळ वर्षांनी, साहेब आणि शेषराव दोघंही निवृत्त झाल्यावर, साहेबांना धंतोलीतल्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. दम लागत होता. मी आणि शेषराव भेटायला गेलो. तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, त्याखाली पांढरीशुभ्र मिशी चेपलेली. बोलायची मनाई. पण मला पाहिलं आणि बोटानं नळीकडे खूण केली, मग माझ्या ओठाकडे.

मी समजलो. वाकलो, श्वास रोखला, आणि सिलिंडरपासून मुखवट्यापर्यंत नळीवरून मिशी फिरवत गेलो. नर्सबाई दारात थबकल्या. "अहो काका, काय करून राहिले तुम्ही?"

मुखवट्याच्या सांध्यापाशी मिशीला बारीक गार झुळूक लागली.

"हलली!" मी ओरडलो. दवाखान्यात!

नर्सबाईंनी तपासलं तर सांधा खरंच सैल. नळी बदलली. साहेबांची छाती शांत चालू लागली, आणि डोळे असे चमकले की मला पुन्हा गालावर तो लाल गोल उमटल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात शेषरावांनी खिशातून पुडी काढली, बोटावर शेंदूर घेतला आणि सिलिंडरकडे वळले. साहेबांनी मनाई झुगारून मुखवटा बाजूला सारला.

"वरच्या टोपीले नको गा, शेषराव!"

"समजते जी आता मले," शेषराव म्हणाले, आणि वाकून, सिलिंडरच्या पोटावर, अगदी खाली, एवढंसं बोट टेकवलं. मग उठून मुखवटा पुन्हा साहेबांच्या तोंडावर बसवला आणि त्यापुढे तळहात धरून उभे राहिले.